गंटरची साखळी, गंटरची पट्टी आणि बाकीचे गंटर : प्रकल्प नोंदी

८ जून

विषय ठरला. डिसेंबरातल्या शाळेच्या गणित प्रदर्शनात आपल्या गटाच्या वाट्याला एक आख्खी भिंत आणि दोन टेबलं आली आहेत. त्या सगळ्यावर एकच माणूस मांडायचा : सतराव्या शतकातला इंग्रज गणिती एडमंड गंटर. तो वारला १० डिसेंबर १६२६ रोजी, म्हणजे २०२६ मध्ये चारशे वर्षं भरतात.

न्यूटन का नको, नेपियर का नको, यावर बरीच खडाजंगी झाली. माझं म्हणणं एवढंच की त्यांचे तक्ते दरवर्षी कोणी ना कोणी लावतंच, आणि मुलं ते न वाचता पुढे जातात. गंटरच्या नावावर एकही बडं प्रमेय नाही. त्याने मागे ठेवली ती हत्यारं : साखळी, पट्टी, क्वाड्रंट (कोन मोजायचा पाव वर्तुळाचा फलक), सेक्टर (बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्यांचं आकडेमोडीचं हत्यार). हत्यार टेबलावर ठेवलं की मुलं हात लावतात. शिवाय त्याची साखळी आपल्या सातबाऱ्यापर्यंत पोचलेली आहे, आणि ते दाखवायची संधी मला सोडायची नाही.

गटातल्या एका बाईंना ‘याच आडनावाची आणखी माणसं’ असा तक्ता हवाय. मला हे जरा सामान्यज्ञानाच्या पुस्तकातलं वाटतं, पण हो म्हटलं. अट एकच : नाव आणि हुद्दा एवढ्यावर भागवायचं नाही, प्रत्येकाबद्दल सांगण्यासारखं काही असेल तरच घ्यायचं. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे जर्मन कादंबरीकार गुंटर ग्रासचा आला. जर्मन गुंटर हे पाळण्यातलं नाव. तो यादीत नाही.

१५ जून

चरित्राच्या तक्त्याचा मजकूर आज लिहून काढला. जन्म १५८१, हर्टफर्डशर. घराणं मूळचं वेल्समधल्या ब्रेकन भागातलं. वेस्टमिन्स्टर शाळा, मग ऑक्सफर्डचं क्राइस्ट चर्च कॉलेज. १६०३ ला बी.ए., १६०६ ला एम.ए. पुढे धर्मशास्त्राची पदवी आणि १६१५ पासून लंडनच्या सदर्क भागातल्या सेंट जॉर्ज चर्चचं पाद्रीपण. १६१९ मध्ये ग्रेशम कॉलेजात खगोलशास्त्राचा प्राध्यापक झाला. चर्च आणि कॉलेज दोन्ही त्याने मरेपर्यंत सांभाळलं.

ग्रेशम कॉलेज मुलांना समजावून सांगावं लागेल. तिथे पदवी मिळत नसे. व्याख्यानं फुकट, लॅटिनबरोबर इंग्रजीतही, आणि लंडनमधल्या कोणीही येऊन बसावं. भूमितीचा प्राध्यापक होता हेन्री ब्रिग्ज, ज्याने नेपियरचे लॉगॅरिदम (लॉग, म्हणजे गुणाकाराचं काम बेरजेवर आणणारे आकडे) दहाच्या पायावर आणून वापरण्याजोगे केले. गंटरचं ब्रिग्जच्या खोलीत जाणंयेणं प्राध्यापक होण्याआधीपासूनचं.

आता तो किस्सा. ऑक्सफर्डला सर हेन्री सॅव्हिल १६१९ मध्ये भूमितीचं नवं अध्यासन सुरू करत होता आणि त्याच्या डोळ्यासमोर गंटर होता. जॉन ऑब्रेने लिहून ठेवलंय की गंटर आपला सेक्टर आणि क्वाड्रंट घेऊनच भेटीला गेला आणि तिथल्या तिथे त्रिकोण सोडवून दाखवू लागला. सॅव्हिल उखडला. ही कसली भूमिती, हे तर हातचलाखीचे खेळ, असं म्हणून त्याने गंटरला वाटेला लावलं आणि ब्रिग्जला बोलावणं धाडलं. ऑब्रे हा ऐकीव गप्पा मीठमसाला लावून लिहिणारा माणूस, त्यामुळे शब्द जसेच्या तसे खरे असतील असं नाही. ब्रिग्ज मात्र त्या अध्यासनाचा पहिला प्राध्यापक झाला, हे खरं.

हा किस्सा तक्त्याच्या मधोमध, मोठ्या अक्षरात. आपल्याकडेही गणिताचा मास्तर आणि आयटीआयचा निदेशक यांच्यात हीच भिंत आहे, आणि प्रदर्शनाला दोघंही येणार आहेत.

१६२० च्या कोष्टकांना दोन ओळी दिल्या : दर मिनिटाच्या कोनाचे साइन आणि टँजंट, त्यांचे दहाच्या पायावरचे लॉग, सात दशांश स्थळांपर्यंत. छापून आलेलं अशा प्रकारचं हे पहिलंच कोष्टक. ‘कोसाइन’ आणि ‘कोटँजंट’ ही नावंही त्याचीच. अकरावीच्या मुलांनी याबद्दल त्याला माफ करावं.

२४ जून

साखळीचं काम सुरू. पूर्ण साखळी म्हणजे ६६ फूट, कड्या १००, एक कडी ७.९२ इंच, म्हणजे २०.१२ सेंटिमीटरला जरा कमी. ८ गेजची जीआय तार आणली. फळीवर दोन खिळे ठोकून फर्मा केला : तार एका खिळ्याभोवती वळवायची, दुसऱ्याभोवती वळवायची, टोक पक्कडीने दाबायचं. दोन कड्यांच्या मध्ये तीन लहान रिंगा येतात, त्यामुळे साखळी कुठेही ठेवली तरी मुरडत नाही. कडीची लांबी धरायची ती एका मधल्या रिंगेच्या मध्यापासून पुढच्या मधल्या रिंगेच्या मध्यापर्यंत. तार किती कापायची हे त्यावरूनच ठरतं.

दर दहा कड्यांना पितळी बिल्ला. दहाला एक दात, वीसला दोन, तीसला तीन, चाळीसला चार, आणि बरोबर मध्ये पन्नासला गोल. पन्नासच्या पुढे पुन्हा चार, तीन, दोन, एक. कुठल्याही टोकाकडून मोजा, बिल्ले सारखेच. चिखलात, झुडपात, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही नुसतं चाचपून आकडा कळतो. दोन्ही टोकांच्या पितळी मुठी ६६ फुटांतच धरायच्या.

बिल्ले एका भांडीवाल्याने जुन्या पातेल्याच्या पत्र्यातून कापून दिले. दात कानशीने आपणच काढतोय. बोटाला टोचता कामा नये, पण लागला पाहिजे.

३ जुलै

आजचा दिवस या प्रकल्पाचा खरा दिवस. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक काका आले होते. साखळी हातात घेतल्याबरोबर म्हणाले, “ही दुप्पट आहे. आमची तेहेतीस फुटाची.”

बरोबर. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत साखळी वापरली ती ३३ फुटांची, म्हणजे गंटरच्या साखळीची अर्धी, आणि तिचे भाग शंभर नव्हेत, सोळा. प्रत्येक भाग एक आणा. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे गुंठा. चाळीस गुंठ्यांचे ४३,५६० चौरस फूट होतात आणि तोच एकर. गुंठ्याचेही सोळा आणे. मोजणीच्या जुन्या टिपणांवर बांधाच्या कडेने जे साखळी-आण्यांचे आकडे आहेत ते यातलेच.

काकांनी वहीत एक चौकोनी शेत मांडलं आणि आम्ही दोन्ही पद्धतींनी सोडवलं. गंटरच्या साखळीने ४ साखळ्या २५ कड्या लांब, ३ साखळ्या ५० कड्या रुंद. सगळ्याच्या कड्या करा : ४२५ गुणिले ३५० म्हणजे १,४८,७५० चौरस कड्या. एकरात चौरस कड्या बरोबर एक लाख. दशांश चिन्ह पाच घरं डावीकडे सरकवलं की १.४८७५ एकर, हिशोब खलास. आता तेच शेत तेहेतिसीने : ८ साखळ्या ८ आणे गुणिले ७ साखळ्या. साडेआठ साते साडेएकोणसाठ. एकोणसाठ गुंठे आठ आणे, म्हणजे १ एकर १९ गुंठे ८ आणे. काकांनी हे कागद न घेता केलं.

गंटरची करामत इथे दिसते. एकर, फर्लांग, मैल ही वेडीवाकडी इंग्रजी मापं बदलणं त्याच्या हातात नव्हतं. दहा चौरस साखळ्यांचा एकर, दहा साखळ्यांचा फर्लांग, ऐंशी साखळ्यांचा मैल, हे सगळं त्याने जागच्या जागी ठेवलं आणि साखळीच्या पोटात शंभर भाग करून दशमान पद्धत आत घुसवली. मोजणाऱ्याला जुनंच माप मिळालं, हिशोब करणाऱ्याला नवं गणित. इलाख्यातल्या मोजणीत उलट झालं : लांबी गंटरची राहिली, पण आतले भाग कारकुनाच्या तोंडी बसलेल्या रुपया-आण्याचे झाले. दोन्हीकडे अक्कल एकच, समोरच्या माणसाला जे येतं त्यावर बेतायचं. भिंतीच्या या भागाला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे.

काकांनी आणखी एक सांगितलं. आता उताऱ्यावर हेक्टर-आर असतं. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७. फरक सव्वा टक्क्याच्याही आत, म्हणून लोक बिनदिक्कत आरला गुंठा म्हणतात. दोन-चार गुंठ्यांत काही बिघडत नाही, पण मोठ्या वाटपात तोच फरक बांधावर भांडण लावतो.

जाता जाता त्यांनी क्रॉस स्टाफची चौकशी केली. गंटरच्या पुस्तकातही क्रॉस-स्टाफ आहे, पण तो तारे आणि सूर्य यांची उंची मोजायचा खलाशांचा दांडा. मोजणीवाल्यांचा तो काटकोन काढायचा. नाव एक, वस्तू दोन. टेबलावर त्यांचा ठेवू, ते स्वतःचा जुना आणून देणार आहेत.

१२ जुलै

पावसाने उघडीप दिली तेवढ्यात साखळी मैदानावर नेली. क्रिकेटच्या खेळपट्टीवर एका मुठीचं टोक मधल्या स्टंपपाशी धरलं आणि दुसरं टोक समोरच्या मधल्या स्टंपपाशी पोचलं. २२ यार्ड, ६६ फूट, एक साखळी. १७४४ च्या नियमांतही अंतर हेच आहे. सातवीतली पोरं पाच मिनिटं काहीच बोलली नाहीत, मग एकाने विचारलं, “म्हणजे बुमराह एक साखळी लांबून टाकतो?” हेच वाक्य फलकावर घ्यायचं ठरलंय.

अमेरिकेचा नकाशा लहान छापायचा. १७८५ च्या कायद्याने तिथली पश्चिमेकडची जमीन सहा मैल लांब-रुंद चौकोनांत आखायची ठरली, प्रत्येक चौकोनात एक मैलाचे ३६ तुकडे, तुकडा ६४० एकरांचा. हे सगळं साखळीने ओढलं गेलं. मूळ रहिवाशांच्या जमिनीवरून ती साखळी गेली, हेही त्याच चौकटीत लिहावं असा माझा आग्रह. मापाचं कौतुक करताना कोणाची जमीन मोजली ते गाळायचं नाही.

ब्रिटनच्या रेल्वेत पुलांची ठिकाणं अजून मैल आणि साखळ्यांत सांगतात. एका ओळीत संपवलं.

२६ जुलै

पट्टी. सागवानाची ६५ सेंटिमीटरची पट्टी सुताराकडून रंधून आणली. मूळची दोन फुटांची असे, त्यामुळे आकार जवळपास तोच. त्यावर १ ते १० आणि १० ते १०० असे दोन पल्ले, प्रत्येक पल्ला ३० सेंटिमीटरचा. १ पासून २ चं अंतर ९०.३ मिलिमीटर, ३ चं १४३.१, ५ चं २०९.७, ७ चं २५३.५. हे ३०० गुणिले त्या आकड्याचा लॉग, बस्स. ४, ६, ८, ९ साठी कॅल्क्युलेटर काढूच नका असं मुलांना सांगितलं : २ चं अंतर दोनदा घेतलं की ४, २ आणि ३ ची बेरीज केली की ६.

गुणाकार करायला हवा फक्त डिव्हायडर, कंपासपेटीतला. एक टोक १ वर, दुसरं ३ वर. उघडलेलं तोंड न हलवता उचललं, एक टोक ४ वर ठेवलं, दुसरं टेकलं १२ वर. भागाकार उलट दिशेने. खलाशी हेच साइन आणि टँजंटच्या रेघांवर करत, आणि जहाज कुठे आहे याचा हिशोब लॉग टेबल न उघडता होई. डोलणाऱ्या जहाजावर दिव्याच्या उजेडात सात आकडी कोष्टक वाचण्यापेक्षा हे कितीतरी बरं. अचूकता दोन-तीन आकड्यांपुरती, पण शिडाच्या जहाजाला तेवढी पुरे.

जुन्या पट्ट्यांवर १, १० अशा हमखास लागणाऱ्या खुणांपाशी पितळेच्या टाचण्या ठोकलेल्या असत, कारण डिव्हायडरचं टोक तिथे पुन्हा पुन्हा रुतून लाकूड खड्ड्यासारखं झिजे. आपणही ठोकल्या. आठवीच्या एका वर्गाने तासभर पट्टी वापरली, तेवढ्यात ज्या २ वर टाचणी नव्हती तिथे टोचे दिसायला लागले.

पट्टीच्या बाजूला स्लाइड रूल ठेवायचा. विल्यम ऑट्रेडने गंटरच्या रेघा एकमेकींवर सरकवल्या आणि डिव्हायडरची गरज संपवली. स्लाइड रूल पुढे जगभर गेला, तरी खलाशांनी नुसती पट्टीच एकोणिसाव्या शतकापर्यंत सोडली नाही आणि तिला ते सरळ ‘गंटर’ म्हणत. बोटीच्या शिडाचा एक प्रकारही ‘गंटर’ म्हणवतो, डोलकाठीला लागून वर सरकणाऱ्या दांड्याचा. अमेरिकेत ‘गंटरप्रमाणे’ म्हणजे अगदी बिनचूक, असा वाक्प्रचार रुळला. सॅव्हिलचं नाव ऑक्सफर्डच्या अध्यासनाला राहिलं. गंटरचं खलाशी आणि मोजणीदारांच्या तोंडी. कोणतं बरं, ते ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत पट्टीकडे.

९ ऑगस्ट

होकायंत्राची चौकट. १५८० मध्ये विल्यम बरोने लंडनला मोजलं तेव्हा सुई खऱ्या उत्तरेपासून सव्वाअकरा अंश पूर्वेला होती. १६२२ मध्ये गंटरने मोजलं तर सुमारे ६. त्याच्यानंतर ग्रेशमच्या खुर्चीवर आलेल्या हेन्री गेलिब्रँडला १६३४ मध्ये मिळाले सुमारे ४. सुईची दिशाच काळाबरोबर सरकते, हे गेलिब्रँडने १६३५ मध्ये छापून सांगितलं. तीन आकडे, तीन बाण, बाकी मजकूर नको.

१८ ऑगस्ट

आडनावाचा तक्ता. बाईंनी कच्ची यादी दिली ती दोन पानं. अट लावून चाळली.

ॲन गंटर राहणार म्हणजे राहणारच. १६०४ मध्ये बर्कशरच्या नॉर्थ मॉर्टन गावात ही मुलगी आजारी पडली. तिला झटके येत, तोंडातून टाचण्या पडत, आणि तिने गावातल्या तीन बायकांवर चेटकाचा आळ घेतला. १६०५ मध्ये ॲबिंग्डनला खटला झाला, तो टिकला नाही. चेटकावर पुस्तक लिहिलेला राजा पहिला जेम्स त्याच वर्षी ऑक्सफर्डला आला, ॲनला भेटला, आणि पुढच्या चौकशीत तिने कबूल केलं की हे सगळं सोंग, बाप ब्रायन गंटरने गावातल्या जुन्या वैरापायी करायला लावलेलं. मग बापलेकीवरच स्टार चेंबर या राजाच्या खास न्यायालयात खटला उभा राहिला. त्या वर्षांत एडमंड ऑक्सफर्डातच एम.ए. करत होता. शहरात सगळे ज्या आडनावाची चर्चा करत होते ते त्याचंही होतं.

कर्नल जॉर्ज गंटर, ससेक्समधल्या रॅक्टनचा. १६५१ मध्ये वुस्टरची लढाई हरून पळत असलेल्या दुसऱ्या चार्ल्ससाठी यानेच शोरमहून फ्रान्सला जाणारी बोट ठरवली. घेतला.

वेल्समधल्या ॲबरगॅव्हनीत गंटर मॅन्शन नावाचं घर आहे. कॅथलिक प्रार्थनेवर बंदी असताना थॉमस गंटरने माळ्यावर गुप्त चॅपेल चालवलं. तिथे प्रार्थना घेणारे डेव्हिड लुइस आणि फिलिप इव्हान्स हे दोघे जेझुइट (कॅथलिक पंथाचे पाद्री) १६७९ मध्ये फासावर गेले. रोमने १९७० मध्ये त्यांना संत ठरवलं. हे ब्रेकनकडच्याच पसाऱ्यातले गंटर, म्हणजे इथे निदान मुळाचा संबंध आहे.

३० ऑगस्ट

तक्ता पुरा केला. जेम्स गंटर : लंडनच्या बर्कली स्क्वेअरमधला मिठाईवाला. डोमेनिको नेग्री या इटालियनाने १७५७ मध्ये काढलेल्या दुकानात तो भागीदार झाला, पुढे मालक. आइस्क्रीम आणि सरबतांवर एवढा पैसा केला की अर्ल्स कोर्टकडे जमिनी घेतल्या, आणि लोकांनी त्याच्या घराला ‘करंट जेली हॉल’ म्हणायला सुरुवात केली. गंटर ग्रोव्ह, ट्रेगंटर रोड हे रस्ते त्या जमिनीवरचे. साखळीचा माणूस आणि आइस्क्रीमचा माणूस, पण लंडनच्या नकाशावर नाव उमटलं ते मिठाईवाल्याचं.

विसाव्या शतकातले भराभर. रे गंटर, रेल्वे कामगार चळवळीतून आलेला, १९६४ पासून ब्रिटनचा कामगारमंत्री. त्या खात्याला तो खिळ्यांची शय्या म्हणायचा. गॉर्डन गंटर, मेक्सिकोच्या आखाताचा सागरी जीवशास्त्रज्ञ. अमेरिकेच्या एका संशोधन जहाजाला त्याचं नाव आहे. आर्थर गंटर, ब्लूज गायक, ज्याचं गाणं १९५५ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीने उचललं. जेन गंटर, बायकांच्या आरोग्याविषयीच्या भंपक दाव्यांवर तुटून पडणाऱ्या डॉक्टर. आणि क्रिस गंटर, वेल्सकडून शंभर सामने खेळलेला पहिला पुरुष फुटबॉलपटू, २०२१. फुटबॉलवाल्यांसाठी तो सगळ्यात वर.

तक्त्याच्या खाली मी एक वेगळं आडनाव चिकटवलंय. गंटरची पट्टी १६२४ मध्ये पॅरिसला नेऊन तिच्यावर फ्रेंचमध्ये पुस्तक काढणारा इंग्रज होता एडमंड विंगेट. आणि १८३५ नंतर इंदापूरपासून गोल्डस्मिडबरोबर दख्खनच्या जमिनीची नवी पाहणी आणि सारा बसवणारा मुंबई इलाख्याचा इंजिनियर होता जॉर्ज विंगेट. एकाने गंटरची पट्टी परदेशी नेली, दुसऱ्याच्या खात्याने अर्धी साखळी आपल्या शिवारात ओढली. आडनाव जुळतं एवढंच, नातं जोडायचं नाही, हे तक्त्यावरही लिहिलंय. तरी आडनावांच्या या सगळ्या खटाटोपात मला आवडलेली जोडी हीच.

१२ सप्टेंबर

रंगीत तालीम. आठवी-नववीच्या तुकड्यांनी साखळीने मैदान मोजलं : पुढचा साखळी ओढतो आणि तिच्या टोकाशी सूळ (खुणेची टोकदार सळई) रोवतो, मागचा ते उचलत येतो, दहा सूळ हातात जमले की दहा साखळ्या, एक फर्लांग. दुपारनंतर पोलादी टेपला लावून पाहिली तर साखळी दोन बोटं वाढलेली. ओढून ओढून रिंगांची तोंडं उघडतात आणि कड्यांचे फासे झिजतात. काका म्हणाले, हे होणारच. खात्यातही साखळी ठरावीक दिवसांनी तपासून ठोकायला काढत. ऐरणीवर रिंगा ठोकून बसवल्या. तरीही उरलेल्या वाढीसाठी मधल्या काही रिंगा काढून लहान घालाव्या लागतील. दोन्ही अर्ध्यांतून सारख्याच काढायच्या, नाहीतर पन्नासचा बिल्ला मध्यावर राहणार नाही.

हे प्रदर्शनातच दाखवायचं ठरलं. दुसऱ्या टेबलाखाली जमिनीवर ३३ फुटांवर दोन खिळे, रोज सकाळी तेहेतिसी त्यांना लावून वाढ फळ्यावर लिहायची. वाढलेल्या साखळीने मोजलं तर शेत कमी भरतं, आणि कमी कोणाचं भरतं हे विचारायला शेतकरी पालक नक्की येतील.

उरलेलं काम : पट्टीवरची साइनची रेघ, काकांचा क्रॉस स्टाफ, एका जुन्या टिपणाची नक्कल (गट नंबर आणि खातेदाराचं नाव झाकून), आणि सॅव्हिलच्या किश्शाचा फलक रंगाऱ्याकडून परत आणणे.